हलत्या रेषा आणि उद्याचे जग

वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण, शेती, आरोग्य असे विषय दरवर्षी येतात. त्यांच्या पंक्तीस जपानमधील हलत्या चित्रांची एक संस्था आणि तिचे विज्ञानपट हा विषय बसवावा, हे काहींना विजोड वाटेल. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, ती मात्र जगात काय चालले आहे याची वार्ता घरच्या भाषेत सर्वांपर्यंत पोहोचावी याच हेतूने. शिवाय हा विषय आपण बोलावला नसताना आधीच आपल्या घरात येऊन बसला आहे. सावेडीत, केडगावात किंवा भिंगारमध्ये सात-आठ वर्षांच्या कोणत्याही मुलास विचारावे, की बाविसाव्या शतकात काय काय असेल? डोक्यावर चिकटवून उडण्याची चिमुकली भिरभिरी, उघडले की हव्या त्या गावी नेणारे दार, मेजाच्या खणात दडवलेले कालयान अशी यादी तो धडाधडा सांगेल. एका निळ्या यांत्रिक मांजराच्या पोटावरील खिशातून निघणाऱ्या या वस्तू आहेत. त्यांची कल्पना तोक्योत झाली आणि २००५ सालापासून त्या हिंदी बोलीतून आपल्या दूरचित्रवाणीवर आल्या. शेजारच्या गल्लीतील मुलाचे नाव ज्यास ठाऊक नाही, त्यास नोबिता आणि डोरेमॉन मात्र ठाऊक असतात.

याबद्दल मुलांवर रागावणे सोपे आहे. आम्हांस त्याऐवजी एक प्रश्न विचारावासा वाटतो. उद्याचे जग कसे असेल याचे चित्र एका देशाने काढावे आणि दुसऱ्या देशातील मुलांनी ते आपले म्हणून पाहावे, हे घडले कसे? ज्या मुंबई-पुण्याने हिंदुस्थानास चित्रपट दिला, त्या मुलखात चित्रे हलवण्याची कला नव्हती काय? नव्हती म्हणावे तर इतिहास तसे सांगत नाही.

रेषा हलते कशी?

प्रथम ही कला म्हणजे काय ते पाहू. तिला आपण ‘कार्टून’ म्हणतो, काही जण ‘व्यंगपट’ म्हणतात. परंतु तीत व्यंग असलेच पाहिजे असे नाही, म्हणून या लेखापुरते आम्ही तिला ‘रेखापट’ म्हणू.

नेहमीच्या चित्रपटात नट चालतो आणि कॅमेरा त्याची दर सेकंदास २४ छायाचित्रे घेतो. पडद्यावर ती त्याच वेगाने सरकली की डोळ्यास ती सुटी दिसत नाहीत, माणूस चालताना दिसतो. रेखापटात चालणारा नटच नसतो. त्याचे प्रत्येक पाऊल हाताने काढावे लागते. मिनिटास १,४४० चौकटी; दीड तासाच्या पटास १,२९,६०० चौकटी. प्रत्येक चौकटीस नवे चित्र काढू म्हटले तर एका माणसाचे आयुष्य पुरणार नाही. म्हणून कामाची वाटणी होते. कसलेला चित्रकार हालचालीच्या मोक्याच्या जागा रेखाटतो: हात खाली आहे, हात वर गेला. मधल्या पायऱ्या दुसरे चित्रकार भरतात. रंग देणारे वेगळे, मागचे डोंगर-घरे रंगवणारे वेगळे. पूर्वी ही पात्रे पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांवर उतरवून मागच्या बाजूने रंगवीत, आणि देखाव्यावर ठेवून एकेक चौकट टिपीत. त्यामुळे पात्र हलले तरी देखावा पुन्हा काढावा लागत नसे. आज पत्र्यांची जागा संगणकाने घेतली आहे, पण कामाचा हा क्रम पुष्कळसा तसाच आहे.

यात काटकसरीची एक युक्ती आहे. तेच चित्र दोन चौकटींना वापरले तर सेकंदास १२ चित्रांत भागते, तीन चौकटींना वापरले तर ८ चित्रांत. बोलताना फक्त ओठ हलवावे, बाकी चेहरा तसाच ठेवावा. पळणाऱ्या मुलाचे पाय तेच वापरून मागचा देखावा सरकवावा. हालचाल थोडी खरखरीत होते, पण खर्च आणि वेळ कितीतरी कमी लागतो. ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे जपानचा सगळा कारभार तिच्यावरच उभा राहिला.

आपल्याकडील आरंभ

चित्रे दाखवून गोष्ट सांगणे आपल्यास नवे नाही. आपल्या जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यातून गोदावरी ओलांडली की पैठण लागते. तेथील चित्रकथीची परंपरा प्रसिद्ध आहे. चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची कागदावर रंगवलेली चित्रे घेऊन गावोगाव जाई, आणि एकेक चित्र पुढे करून गाऊन-बोलून कथा सांगे. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर मंडळींनी ही कला आजवर जपली आहे. चित्र स्थिर असते, पण सांगणाऱ्याच्या आवाजाने ते श्रोत्याच्या मनात चालू लागते.

यंत्राच्या साह्याने ते खरोखर चालवणारा पहिला माणूसही मराठीच निघाला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत झळकला, हे सर्वांस माहीत आहे. त्याआधी त्यांनी केलेला एक प्रयोग तितका माहीत नाही. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ नावाची छोटी फिल्म केली होती. पुष्कळ दिवसांची वाढ पडद्यावर पाहता पाहता होई. ती पाहून भांडवल देणाऱ्यास विश्वास वाटला आणि पहिल्या चित्रपटाची वाट मोकळी झाली. थांबून थांबून चौकट टिपण्याचे हेच तंत्र वापरून त्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ केली. तीत आगपेटीतल्या काड्या आपोआप हलून निरनिराळे आकार धारण करीत. त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते, कच्च्या फिल्मची टंचाई होती, मोठा पट काढणे अवघड होते; तेव्हा या गृहस्थाने काड्यांनाच नट केले.

पुढे १९३४ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ हा छोटा रेखापट काढला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबईत केंद्र सरकारचा फिल्म्स डिव्हिजन हा विभाग निघाला. १९५६ साली त्याच्या व्यंगपट शाखेत शिकवण्यासाठी क्लेअर वीक्स हे डिस्नेच्या संस्थेतील अनुभवी चित्रकार अमेरिकेहून आले. त्यांच्या हाताखाली गोखले आदी मंडळींनी जातकातील एका कथेवर ‘द बनियन डिअर’ हा पट १९५७ साली पुरा केला. रसायनशास्त्र शिकलेला एक पंचविशीचा तरुणही त्याच सुमारास तेथे दाखल झाला. त्याचे नाव राम मोहन. त्यांची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

म्हणजे कल्पकता होती, गुरू मिळाला होता, संस्था होती, विद्यार्थी होते. या शाखेतून बचत, आरोग्य, कुटुंबनियोजन अशा विषयांवर पुष्कळ छोटे पट निघाले. १९७४ साली विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ हा पट केला. भीमसेन यांनी हलवलेली त्यातील चित्रे दूरदर्शनवर पाहत एक सबंध पिढी वाढली. परंतु हे सारे काही मिनिटांचे, प्रचाराच्या गरजेपुरते काम होते. मुलांस आठवड्यामागून आठवडे गुंतवून ठेवील अशी कथा त्यातून उभी राहिली नाही.

तेच वर्ष, दुसरा देश

आता जपानकडे वळू. आपल्या चित्रकथीसारखाच तेथेही एक कथेकरी होता. १९३० च्या सुमारास तोक्योच्या गल्ल्यांतून तो सायकलवर एक लाकडी चौकट घेऊन हिंडे. लाकडाच्या दोन पट्ट्या वाजवून मुले गोळा करी, त्यांना गोळ्या-मिठाई विकी, आणि चौकटीतील रंगीत कागद एकेक सरकवीत गोष्ट सांगे. या खेळास ‘कामिशिबाई’, म्हणजे कागदी नाटक, असे नाव आहे. यात एक फरक पाहण्यासारखा आहे. चित्रकथीच्या कथा पुराणातल्या. कामिशिबाईवाला मात्र उद्या पुन्हा गिऱ्हाईक यावे म्हणून नवनव्या कथा आणी. सोनेरी कवटीचा एक उडता वीर त्याच्या चौकटीतच जन्मला आणि पुढे छापील चित्रकथांत व रेखापटात शिरला. १९५३ साली जपानात दूरचित्रवाणी आली, तेव्हा लोकांनी तिला ‘विजेची कामिशिबाई’ म्हटले. जुना कथेकरी मागे पडला, पण त्याच्या कथा सांगण्याच्या सवयीस नवे घर मिळाले.

१९५६ हे वर्ष येथे पुन्हा येते. मुंबईत वीक्स शिकवू लागले त्याच वर्षी तोक्योत तोएइ या चित्रपट कंपनीने रेखापटाची मोठी शाखा काढली. १९५८ साली तिने चीनमधील पांढऱ्या नागकन्येच्या जुन्या कथेवर पहिला रंगीत दीर्घ रेखापट तयार केला. इकडे जातककथा, तिकडे नागकन्या. दोघांनीही प्राचीन कथेपासून आरंभ केला. येथवर दोन्ही देश जवळजवळ बरोबरीने चालत होते.

वाटा फुटल्या त्या १९६३ साली. ओसामू तेझुका या चित्रकथाकाराने वैद्यकाची पदवी घेतली होती. युद्धाच्या अखेरच्या वर्षी ओसाकावरील बॉम्बहल्ले त्याने डोळ्यांनी पाहिले होते. १९५२ सालापासून तो एका मासिकात ‘अ‍ॅटम’ या यंत्रबालकाची कथा काढीत होता. हिरोशिमा बेचिराख होऊन सात वर्षेही झाली नव्हती, आणि त्या देशाच्या मुलांचा लाडका नायक अणुशक्तीवर चालणारा होता! ज्या शक्तीने संहार केला तिच्या अंगी दया उतरवता येईल काय, माणसाने घडवलेल्या यंत्राशी माणूस न्यायाने वागेल काय, हेच प्रश्न तेझुका गोष्टीच्या वेष्टनात मुलांपुढे ठेवीत होता. १ जानेवारी १९६३ पासून ही कथा दर आठवड्यास अर्धा तास दूरचित्रवाणीवर सुरू झाली. १९६६ च्या अखेरपर्यंत तिचे १९३ भाग झाले. आठवड्यास एक भाग पुरा करायचा, तर सेकंदास २४ चित्रे काढणे अशक्य. तेव्हा वर सांगितलेली काटकसर तेझुकाच्या संस्थेने सर्रास अवलंबिली. चित्रे कमी, त्यांची भर कथेने, आवाजाने आणि दृश्यांच्या जोडणीने भरून काढायची.

याची किंमतही द्यावी लागली. भागांचे मोल कमी मिळे, चित्रकार रात्रंदिवस राबत, आणि १९७३ साली ती संस्था दिवाळखोरीत निघाली. जपानी चित्रकारांस आजही कामाच्या मानाने मोबदला थोडा मिळतो, ही तक्रार संपलेली नाही. परंतु त्या संस्थेतून शिकून निघालेल्या माणसांनी नव्या संस्था काढल्या आणि आठवड्याचा रतीब कधी थांबला नाही.

‘थोडेसे नवल’

आता त्या निळ्या मांजराकडे येऊ. त्याचे जनक हिरोशी फुजिमोतो, टोपणनाव फुजिको एफ. फुजिओ. १९३३ साली जन्मलेले हे चित्रकार तेझुकाच्या चित्रकथा वाचून या व्यवसायात आले. डोरेमॉनची कथा १९६९ च्या डिसेंबरात मुलांच्या मासिकांत सुरू झाली. पहिला दूरचित्रवाणी-प्रयत्न १९७३ साली झाला, तो सहा महिन्यांत बंद पडला. १९७९ साली शिन-एइ या संस्थेने ते काम हाती घेतले. यश मिळाले ते या दुसऱ्या खेपेस. १९८० पासून शिन-एइने डोरेमॉनचे दीर्घ चित्रपटही सुरू केले. जपानात शाळेचे वर्ष मार्चमध्ये संपते. तेव्हा दर मार्चमध्ये, वसंताच्या सुटीत, एक नवा चित्रपट हा तेथे जवळजवळ सणाचा भाग झाला आहे. २००५ साली आवाज देणारी जुनी नटमंडळी बदलली तेव्हा एक वर्ष खंड पडला, साथीच्या दिवसांत २०२० चा चित्रपट ऑगस्टवर गेला आणि पुढचा तर २०२२ पर्यंत लांबला. असे अपवाद सोडले तर हा क्रम चालू आहे.

विज्ञानकथेस इंग्रजीत ‘सायन्स फिक्शन’ म्हणतात आणि ‘एस.एफ.’ असे तिचे लघुरूप करतात. फुजिमोतो म्हणत, माझ्या कथेतील ‘एस.एफ.’ म्हणजे ‘सुकोशी फुशिगी’. याचा अर्थ ‘थोडेसे नवल’. या दोन शब्दांत त्यांची सगळी पद्धत आली. अंतराळातील युद्धे आणि लोहनगरी हे त्यांनी कथेचे मूळ धरले नाही. साधे घर, रागावणारी आई, गणितात शून्य मिळवणारा रडका मुलगा, दांडगाई करणारा मित्र, हे सगळे ओळखीचे. त्यात एकच वस्तू नवलाची टाकायची आणि पुढे काय होते ते पाहायचे. यंत्राची उंचीसुद्धा त्यांनी विचारपूर्वक ठरवली. डोरेमॉन १२९.३ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे त्या काळच्या जपानी चौथीतील मुलांच्या सरासरीइतका. यंत्र मुलाकडे वरून खाली पाहू नये, असा त्यामागील भाव. आणि बहुतेक गोष्टींत होते काय? वस्तू हाती येते, नोबिता हाव धरतो, प्रकरण अंगाशी येते. वस्तू चमत्काराची, पण मनुष्यस्वभाव तोच जुना. इसापाने यापरते वेगळे काय सांगितले?

त्यांच्या चित्रपटांतील विज्ञान मात्र अगदीच हवेतले नाही. १९८० च्या पहिल्या चित्रपटात नोबितास एक अंडे सापडते. त्यातून लांब मानेचा सागरी सरीसृप निघतो. मुलगा त्यास वाढवतो आणि शेवटी त्याच्या काळात नेऊन सोडतो. हा प्राणी काल्पनिक नव्हे. १९६८ साली फुकुशिमा प्रांतात एका शाळकरी मुलास नदीकाठच्या खडकात त्याचे जीवाश्म सापडले होते. शास्त्रज्ञांनी त्यास रीतसर ‘फुताबासॉरस’ हे नाव दिले ते २००६ साली, आणि योगायोग असा की त्याच वर्षी हा चित्रपट नव्याने काढून प्रदर्शित झाला. शाळकरी मुलाने लावलेला शोध, त्यावर चित्रकाराने रचलेली कथा, आणि ती पाहून खडकांकडे निरखून पाहू लागणारी आणखी मुले, अशी ही साखळी आहे.

१९८६ च्या चित्रपटात यंत्रांच्या ग्रहावरून आलेली फौज मानवांस गुलाम करू पाहते. त्यांची हेर म्हणून आलेली, मुलीच्या रूपातील यंत्रकन्या जखमी होते आणि पृथ्वीवरील एक मुलगी तिची शुश्रूषा करते. मग त्या यंत्राच्या मनात प्रश्न उठतो: ज्यांना गुलाम करायचे ते असे वागतात कसे? १९९२ च्या चित्रपटात ढगांवर राहणारे लोक पृथ्वीवरील माणसांवर खटला भरतात. तुम्ही जंगले तोडलीत, हवा विषारी केलीत. आता महापूर आणून सारे धुऊन काढू, असे ते म्हणतात. आरोपीच्या पिंजऱ्यात नोबिताची सबंध मानवजात उभी. दहा वर्षांच्या मुलास हे समजते, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या बापासही विचार करावा लागतो. १९९७ च्या चित्रपटाची कथा रेखाटीत असताना १९९६ साली फुजिमोतो वारले. चित्रपट पुढेही निघत राहिले, कारण काम एका माणसावर अवलंबून राहिले नव्हते.

दोन्ही देशांची गाठ

हे दोन देश या कलेत एकदा खरोखर एकत्र आले, तेव्हा विषय विज्ञानाचा नव्हता, रामायणाचा होता. युगो साको हे जपानी निर्माते १९८३ साली एका अनुबोधपटासाठी उत्तर हिंदुस्थानात आले. डॉ. बी. बी. लाल यांचे रामायणाशी संबंधित स्थळांचे उत्खनन हा त्याचा विषय. त्यातून त्यांना रामकथेचा छंद लागला. देव-मानव-वानर-राक्षस यांची ही कथा नटांपेक्षा रेखांतच नीट उतरेल, असे त्यांचे मत झाले. परदेशी माणसांनी रामायण चित्रांत आणावे यास येथे आक्षेप निघाले, सरकारचा सहभाग लाभला नाही, आणि काम मुख्यतः जपानात झाले. तरी मुंबईचे राम मोहन दिग्दर्शनात कोइची सासाकी यांच्या बरोबरीने उभे राहिले. धोतर कसे नेसतात, नमस्कारास हात कसे जुळतात, वडीलधाऱ्यांपुढे मान किती लवते, हे जपानी चित्रकारांस आपल्या मंडळींनी समजावून दिले. संगीत वनराज भाटियांचे. हा पट १९९३ साली दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, पण त्या काळी चित्रपटगृहांत त्याचा व्हावा तसा प्रसार झाला नाही. लोकांस तो भेटला दूरचित्रवाणीवर, आणि २०२५ च्या जानेवारीत नव्या स्वच्छ रूपात देशभरच्या पडद्यांवर. राम मोहन यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते निवर्तले, म्हणून तो दिवस त्यांना पाहता आला नाही.

या प्रकरणातून एवढे स्पष्ट होते, की हात आपल्याकडे होता आणि कथाही आपलीच होती. तरी पट पुरा झाला तो तिकडे, कारण शेकडो चित्रकारांना एका जागी वर्षानुवर्षे काम देण्याची घडी तिकडे बसलेली होती.

अडले कोठे?

ही घडी म्हणजे काय, हे नगर जिल्ह्यातील माणसास वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हापासून आपण जाणतो, की कारखाना केवळ यंत्रावर चालत नाही, त्यास रोजचा ऊस लागतो. गाळप मध्येच थांबले तर यंत्र उभे आणि माणसे घरी. रेखापटाचेही तसेच. जपानात १९५३ साली दूरचित्रवाणी आली आणि दहा वर्षांत साप्ताहिक रेखापट सुरू झाला. मुलांची मासिके नव्या कथांचा पुरवठा करीतच होती. मुंबईस दूरचित्रवाणी १९७२ साली आली. तोवर आपल्या चित्रकारांस दर आठवड्यास काम देणारे गिऱ्हाईक नव्हते. होते ते एकटे सरकार, आणि त्याची मागणी दोन-चार मिनिटांच्या उपदेशाची. पुढे वाहिन्या आल्या, तेव्हा परदेशातील तयार माल स्वस्तात मिळू लागला. आज मुंबई-पुण्याच्या संगणकांवर शेकडो कुशल तरुण हे काम करतात, पण त्यातील मोठा भाग परदेशी कथांच्या चित्रांचा असतो. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोडणी कामगार दरसाल दूरच्या शिवारात कोयता घेऊन जातो. त्याच्या कौशल्याबद्दल शंका नसते, पण ऊसही दुसऱ्याचा आणि साखरही दुसऱ्याची. या तरुणांची स्थिती काहीशी तशीच आहे. मराठीत प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २०१८ साली ‘प्रभो शिवाजी राजा’ हा दीर्घ रेखापट निघाला. परंतु एका पावसाने विहीर भरत नाही.

मग कथा नव्हत्या काय? तेही खरे नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आपल्या नावामुळे परीक्षकांवर दडपण येऊ नये म्हणून जयंत विष्णू नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ते घेतले होते. त्यांच्यामागून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आले. या कथाही ‘थोडेसे नवल’ याच जातीच्या आहेत. ओळखीचे मराठी घर, ओळखीची माणसे, आणि त्यात विज्ञानाने आणलेला एक पेच. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्यांच्या कथा दिवाळी अंकांत आणि ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. मुलांपर्यंत पोहोचवणाऱ्या हलत्या रेषा मात्र त्यांना मिळाल्या नाहीत.

आपल्या दारचे नवल

नवल शोधण्यास आपल्यास फार दूर जावे लागणार नाही. नगर-कल्याण रस्त्याने आळे फाट्यास जावे आणि नारायणगावकडे वळावे. जवळच खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आकाशातील रेडिओलहरी ऐकणाऱ्या महाकाय तबकड्या उभ्या आहेत. त्या आणि आसपास पसरलेल्या आणखी मिळून ३० तबकड्यांचे हे एकच कान आहेत, जगभरचे शास्त्रज्ञ त्यातून ऐकतात. आणि त्यांच्या भोवती कांदा आणि ऊस पिकतो. याहून चांगला देखावा विज्ञानपटास कोणता हवा? इकडे नगर तालुक्यातच हिवरे बाजार आहे. तेथील गावकरी दरवर्षी पाऊस आणि भूजल मोजतात. कोणती पिके घ्यायची ते त्या हिशेबाने ग्रामसभेत ठरवतात, आणि शेतीसाठी कूपनलिका खोदायची नाही हा नियम पाळतात. ढगांवरच्या लोकांनी माणसावर भरलेला तो खटला आठवावा. आपल्या जिल्ह्यातील माणसाची बाजू त्या न्यायालयात कोणी मांडायची झाली, तर या गावास साक्षीस बोलावता येईल. दुष्काळाशी झगडणाऱ्या जिल्ह्यातील मुलास उद्याच्या जगाबद्दल पहिला प्रश्न पाण्याचाच पडणार. त्या प्रश्नाची गोष्ट तोक्योतील चित्रकार का म्हणून सांगील? त्याने त्याच्या देशाच्या भीती आणि आशा रेखाटल्या, त्याचे काम त्याने चोख केले.

शिन-एइसारखी संस्था नगरात उद्या निघावी, असे आम्ही म्हणत नाही. ती माणसे जशी पायरीपायरीने गेली, तशी पहिली पायरी मात्र आपल्या आवाक्यातील आहे. फाळक्यांनी काडीपेटीतल्या काड्या घेतल्या होत्या. आज चौकट-चौकट टिपण्याची सोय घरोघरच्या भ्रमणध्वनीत आहे. शाळेच्या चित्रकलेच्या तासास आठ चित्रांत एक सेकंद करून पाहता येईल. ग्रंथालयाने विज्ञानकथेचे वाचन ठेवावे आणि तीच कथा मुलांकडून चित्रांच्या पट्टीत काढवून घ्यावी. व्याख्यानमालेच्या एका संध्याकाळी मुलांचे असे मिनिट-दोन मिनिटांचे रेखापट दाखवावेत, आणि पुढच्या वसंतात पुन्हा दाखवावेत. पहिल्या वर्षी ते ओबडधोबड असतील. डोरेमॉनचा पहिला प्रयत्न सहा महिन्यांत बंद पडला होता, हे त्या संध्याकाळी मुलांना जरूर सांगावे.